लेकरू, कुत्रा आणि मोकळी वाट

सातपाटीत ‘हा कुत्रा कुणाचा?’ असं विचारलं तर सरळ उत्तर मिळणं कठीण. एक कुत्रा घरचा असतो, गळ्यात पट्टा बांधलेला. दुसरा आळीचा, त्याला चार घरांतून कालवण-भात मिळतो आणि चारही घरांत त्याचं नाव निराळं असतं. तिसरा बंदराचा, होड्या कधी लागणार हे त्याला खलाशांइतकंच ठाऊक असतं. पापलेटासाठी नावाजलेल्या या गावात मासळी उतरते, निवडली जाते, डोकी-आतडी बाजूला पडतात, बोंबील वाळत टांगले जातात. जिथं एवढं अन्न तिथं कुत्री येणारच. आणि त्याच चिंचोळ्या वाटांवर, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत, जाळ्यांच्या ढिगांभोवती गावातली पोरंही खेळतात.

बाप समुद्रावर, आई टोपली घेऊन पालघरच्या बाजारात, आजी ओट्यावर सुकी मासळी निवडत बसलेली आणि दोन-अडीच वर्षांचं नातवंड तिच्यापासून दहा पावलांवर. हे प्रकरण त्या दहा पावलांबद्दल आहे.

कुत्रा गरीब आहे की मारका, पोर शहाणं आहे की हूड, यावर आपण भरपूर बोलतो. पण लहान मुलाची आणि कुत्र्याची सुरक्षितता त्या दोघांच्या स्वभावावर सोडता येत नाही. ती मोठ्यांनी घालून दिलेल्या व्यवस्थेवर ठरते. या व्यवस्थेचा गाभा असा: कुत्र्याला नको वाटेल तेव्हा त्याला उठून निघून जाता आलं पाहिजे, आणि तो गेला की मूल त्याच्या मागे जाणार नाही हे मोठ्यांनी पाहिलं पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीचा तपशील आहे.

चावण्याआधी कुत्रा काय काय सांगतो

‘काही कारण नसताना एकदम चावला’ असं चावल्यानंतर नेहमी ऐकू येतं. बहुतेक वेळा कारण असतं आणि कुत्र्यानं ते सांगितलेलंही असतं. आपल्याला ते वाचता आलेलं नसतं.

एका दुपारची कल्पना करा. आळीतला काळ्या पडवीत उंबऱ्याशी आडवा झालाय. मागे भिंत, एका बाजूला पाण्याचं पिंप, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेलं जाळं. पोर रांगत त्याच्याकडे निघतं. काळ्या आधी तोंड दुसरीकडे वळवतो. पोर जवळ येतं. काळ्या जिभेनं नाक चाटतो; समोर खायला काहीही नसताना. मग एक जांभई देतो; झोप आलेली नसताना. पोर त्याच्या पाठीवर हात ठेवतं. काळ्याचे कान मागे पडतात, शेपटी पोटाशी जाते, डोकं न हलवता तो डोळे वळवून पोराकडे बघतो आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. पोर त्याचा कान धरतं. आता काळ्याचं तोंड मिटतं आणि अंग ताठ होतं. क्षणभर तो श्वास रोखल्यासारखा थिजतो. यानंतर गुरगुर येते, मग हवेत मारलेला चावा येतो, आणि तरीही पोर बाजूला झालं नाही तर खरा चावा.

नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तूरिद रूगोस यांनी तोंड वळवणं, नाक चाटणं, जांभई देणं या खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी अशा खुणांची क्रमवार शिडी मांडली: तळाच्या पायरीवर जांभई आणि नाक चाटणं, अगदी वर चावा. कुत्रा प्रत्येक वेळी प्रत्येक पायरी चढेलच असं नाही. खालच्या पायऱ्यांवर त्याचं कुणी ऐकत नाही असा अनुभव वारंवार आला की तो थेट वरच्या पायरीवर जायला शिकतो.

म्हणूनच गुरगुरणाऱ्या कुत्र्याला चप्पल फेकून मारू नये. मार खाऊन गुरगुर बंद होते, त्याची अस्वस्थता तशीच राहते. मग तोच कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. गुरगुर ऐकू आली की मुलाला शांतपणे उचलावं, कुत्र्याला जाऊ द्यावं आणि तो कशानं वैतागला ते शोधावं.

या खुणा मुलांना का कळत नाहीत, यावर इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यांनी लहान मुलांना वेगवेगळ्या मनःस्थितीतल्या कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवल्या. दात विचकून गुरगुरणारा कुत्रा पाहून अनेक मुलांना वाटलं की तो हसतोय. माणसाच्या चेहऱ्यावर दात दिसले म्हणजे हसू, हे मूल वर्षभरात शिकलेलं असतं. तोच नियम ते कुत्र्याला लावतं. तेव्हा तीन वर्षांच्या पोराला ‘त्याला राग आलाय हे दिसत नाही का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. त्याला खरंच दिसत नाही.

शेपटीबद्दलचा आपला समजही तपासून घ्यावा. सैल अंगानं, कमरेसकट हलणारी शेपटी बहुधा मैत्रीची असते. उंच, ताठ आणि फक्त टोकाशी थरथरणारी शेपटी सावधगिरीची असते. शेपटीपेक्षा सगळं अंग बघावं: सैल आहे की ताठ?

कुत्र्याच्या जवळ जायचं नाही अशा वेळा

युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींतून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. अगदी लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा घरचा किंवा ओळखीचा असतो, आणि चावा बहुधा डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला होतो. कारण उघड आहे. चालायला शिकलेल्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं आणि मूल त्याच्याकडे वाकूनच जातं. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची भर पडते, तरी ‘आपला आहे, काही करणार नाही’ हा भरवसा इथंही धोक्याचाच.

कुत्रा खात असताना त्याच्याजवळ जायचं नाही, ही पहिली शिस्त. बंदरावर पापलेटाचं डोकं मिळालेल्या कुत्र्याला ते आपल्याकडून कुणीतरी हिसकावणार याची धास्ती असते, कारण इतर कुत्री रोज तेच करतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल ऐकतं. ती प्राणिमात्रांत देव पाहायला शिकवते आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. सोबत हेही सांगावं की तोंडात घास असलेल्या कुत्र्याला मात्र आपल्यापासून दूर, निवांत खाऊ देण्यातच त्याच्यावरचं प्रेम आहे.

कुत्रा झोपलेला असताना जायचं नाही. दचकून उठलेला कुत्रा समोर कोण आहे हे बघण्याआधी तोंड घालू शकतो. पोरं होडीखाली लपाछपी खेळतात आणि दुपारच्या उन्हात सावलीसाठी कुत्रीही तिथंच शिरतात. होडीखाली जाण्याआधी वाकून बघायचं आणि आवाज द्यायचा, ही सवय किनाऱ्यावरच्या मुलांना लावण्यासारखी आहे.

पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं भारतीय रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. या कुत्र्या मुख्यतः हिवाळ्यात वितात. त्या महिन्यांत पडक्या भिंतीमागे, लाकडांच्या ढिगाआड, जुन्या जाळ्यांच्या कुशीत पिल्लं सापडतात आणि पोरांना ती उचलून घरी न्यावीशी वाटतात. वर्षभर गोडीनं वागणारी कुत्री या दिवसांत चावू शकते. तिच्या पिल्लांजवळची वाट काही आठवडे मुलांसाठी बंद ठेवावी.

आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. जाळी, इंजिनं यांच्या राखणीसाठी साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला निघून जायची वाटच उरत नाही. भीती वाटली तर त्याच्यापाशी एकच उपाय राहतो. साखळी जिथवर पोचते त्याच्याही पुढे दोन पावलांवर चुन्याची रेघ ओढावी. चार वर्षांच्या मुलाला ‘रेघेच्या आत नाही’ हे नीट समजतं.

दुखणाईत आणि म्हातारी कुत्रीही यातच धरावीत. कानातली जखम, गोचिडांनी भरलेली मान, आखडलेले सांधे यांनी बेजार झालेल्या जनावराला मुलाचा हलका हातही लागतो. एरवी शांत असलेला घरचा कुत्रा हल्ली चिडचिड करत असेल तर त्याला आधी पशुवैद्याला दाखवावं.

नजर असणं पुरेसं नाही

‘माझं लक्ष होतं’ हे आजीचं म्हणणं अगदी खरं असतं. ती ओट्यावरून बघत होती. पण काळ्यासारखा कुत्रा थिजला की तिथून चाव्यापर्यंत एखादाच सेकंद जाऊ शकतो, आणि सांधे धरलेल्या बाईला दहा पावलं जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एकत्र असतील तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, हातात दुसरं काम नको आणि मोबाइल तर नकोच.

हे दिवसभर कुणालाच जमणार नाही, मासळीच्या घरात तर मुळीच नाही. म्हणून दुसरा निम्मा उपाय: जेव्हा असं बसता येणार नाही तेव्हा दोघांच्या मध्ये भक्कम आडोसा हवा. बोटीच्या कामातून उरलेल्या फळ्यांचं, मोठ्यांच्या कमरेएवढं फाटक पडवी आणि माजघराच्या मध्ये बसवलं तर काम भागतं. जुनं जाळं ताणून आडोसा करायचा मोह होईल, पण तो टाळावा. जाळ्याच्या आसात मुलाची बोटं आणि कुत्र्याचा पंजा दोन्ही अडकतात, आणि अडकलेलं जनावर घाबरून चावतं. जवळच्या बोईसर शहरातल्या इमारतींत जागा लहान असते. तिथं स्वयंपाकघराचं किंवा बाल्कनीचं दार हाच आडोसा.

मुलाला आठ-नऊ वर्षांच्या ताईच्या भरवशावर सोडलं जातं, हेही आपल्याकडचं वास्तव आहे. त्या ताईला धाकट्याला सांभाळता येतं, कुत्र्याला नाही. तिला एवढंच काम द्यावं: कुत्रा आला की भावाला उचलून घरात यायचं. कुत्र्याला हाकलायचं काम तिच्यावर टाकू नये.

घरच्या कुत्र्यालाही हक्काची एक जागा द्यावी. जिन्याखालचा कोपरा, पडवीच्या कडेची गोणपाटाची घडी, काहीही चालेल. नियम एकच: तो तिथं असताना कुणीही त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, ओढून काढायचं नाही. होळीच्या ढोलांनी किंवा दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा अशाच कोपऱ्यात जाऊन दडतो. त्या वेळी त्याची समजूत घालायला मुलांना पाठवू नये.

बाळंतीण घरी येते तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या पद्धतीमुळे कुत्र्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. माहेरच्या कुत्र्याच्या घरात अचानक एक रडणारं गाठोडं येतं. आणि सासरच्या कुत्र्याला आपलं माणूस काही महिने दिसत नाही. मग ती परत येते ती हातपाय हलवणाऱ्या, किंचाळणाऱ्या एका जिवाला कुशीत घेऊन. तयारी दोन्ही घरी हवी.

सातव्या-आठव्या महिन्यापासूनच घरातले बदल सुरू करावेत. कुत्रा खाटेवर झोपत असेल आणि बाळ आल्यावर ते चालणार नसेल, तर त्याची जागा आत्ताच बदलावी; म्हणजे बाळ आलं आणि आपल्याला हाकललं असं होणार नाही. पाळणा आधी बांधून ठेवावा, त्याचा वास घेऊ द्यावा. बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावावा, रोज थोडा वाढवावा आणि त्या वेळी कुत्र्याला आवडता खाऊ द्यावा. बाळाचं वापरलेलं दुपटं सासरी आधी पाठवता आलं तर त्या वासाची ओळख होऊन जाते.

घरी आल्यावर बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यावं आणि आईनं आधी मोकळ्या हातांनी कुत्र्याला भेटावं. त्याचा आनंद ओसरला की मग लांबून बाळ दाखवावं. तोंडाशी नेऊन ‘बघ बघ’ करू नये. बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं. तेव्हा कुत्र्याला शेजारच्या शांत घरी किंवा बंद खोलीत पाणी देऊन ठेवावं.

झोळीची वेगळी काळजी घ्यावी. साडीची झोळी जमिनीपासून हात-दीड हातावर हेलकावे खाते, आतून रडू येतं, कापड हलतं. हलणाऱ्या, आवाज करणाऱ्या गोष्टीवर झेपावणं कुत्र्याच्या रक्तात आहे आणि झोळीत तोंड घालणं त्याला सहज जमतं. झोळीतलं बाळ आणि कुत्रा एका खोलीत एकटे, ही वेळ एका मिनिटासाठीही येऊ देऊ नये. बाहेरचं दार उघडं ठेवून मोरीत जायची सवय असेल तर ती या काळात मोडावी.

पुढचा अवघड टप्पा बाळ रांगू लागल्यावर येतो. इतके दिवस एका जागी असलेलं बाळ आता कुत्र्याच्या दिशेनं निघतं, त्याचे केस मुठीत धरून उभं राहू बघतं. नव्या बाळाला छान स्वीकारलेला कुत्रा या महिन्यांत वैतागू शकतो. त्याची हक्काची जागा सगळ्यात उपयोगी पडते ती आत्ता.

कुत्रा घरी आणायचाच असेल तर पिल्लाच्या वयाचा विचार करावा. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असतं. या काळात शांत हातांनी, थोडा वेळ, मोठ्यांच्या देखत मुलांशी गाठ पडली तर मुलं त्याच्या जगाचा भाग होतात. याच काळात मुलांनी त्याला ओढलं, उचलून आपटलं तर भीतीही तितकीच खोल बसते.

आळीत आणि बंदरावर मुलांना काय शिकवावं

रस्त्यावरच्या कुत्र्याला आपण शिकवू शकत नाही. मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून शिकवू शकतो. धावणारं, किंचाळणारं, हात उडवणारं मूल कुत्र्याला पाठलागाला उद्युक्त करतं. कॅनडात सुरू झालेल्या ‘डॉगॉन सेफ’ या उपक्रमानं मुलांना ‘झाड व्हा’ हा खेळ शिकवला. आपल्या किनाऱ्यावर तो असा सांगता येईल: अनोळखी कुत्रा जवळ आला तर वारा पडलेल्या दिवसाच्या सुरूच्या झाडासारखं उभं राहायचं. पाय रोवलेले, हात समोर एकमेकांत गुंफलेले, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. कुत्रा हुंगेल आणि बहुधा कंटाळून निघून जाईल. खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन पालथं व्हायचं, हातांनी मान आणि कान झाकायचे आणि हलायचं नाही. हे सांगून भागत नाही. अंगणात खेळ म्हणून पुन्हापुन्हा करून घ्यावं लागतं.

कुणाच्या ओळखीच्या कुत्र्याला हात लावायचा असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारायचं, मग त्याच्या मालकाला, मग खुद्द कुत्र्याला. कुत्र्याला विचारायचं म्हणजे आपण जागीच थांबायचं आणि तो आपणहून येतो का ते बघायचं. आला तर छातीला किंवा खांद्याला दोन-तीनदा हळू हात फिरवून थांबायचं; आणखी हवं असेल तर तो स्वतः जवळ सरकेल. मिठी, डोक्यावर थोपटणं, तोंडाला तोंड लावणं मुलांना प्रेमाचं वाटतं. कुत्र्याला ते कोंडल्यासारखं वाटतं.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बंदरावर मासळीची डोकी-आतडी नाहीत, आणि याच दिवसांत गावची कुत्री अन्नासाठी आळीत जास्त फिरतात. मुलांच्या हातात चपाती-बिस्कीट देऊन त्यांना दारात बसवू नये. कुत्र्यांना घालायचं असेल तर मोठ्यांनी, ठरलेल्या वेळी, मुलं खेळतात तिथून लांब घालावं.

किनाऱ्यावरची आणखी एक काळजी. कुत्री वाळूत घाण करतात, मुलं त्याच वाळूत बोटं खुपसतात आणि अनवाणी पळतात. कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी आणि अळ्या अशा वाळूतून मुलांपर्यंत पोचतात. काही अळ्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उमटवतात. खेळून आल्यावर हातपाय साबणानं धुणं, किनाऱ्यावर पायात चप्पल, आणि घरच्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंतांचं औषध, एवढ्यानं बरंच टळतं.

चावलाच तर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यात सर्वाधिक कुत्री. आणि रेबीजनं वर्षाला सुमारे ५,७०० माणसं दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. त्याआधी मात्र तो जवळजवळ नक्की टाळता येतो, आणि म्हणून पहिला तास फार मोलाचा.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली धरून साबण लावून पंधरा मिनिटं धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी, कारण रडणाऱ्या मुलासमोर दोन मिनिटंही पंधरा वाटतात. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. साध्या अंघोळीच्या साबणाची किंमत इथं औषधाइतकी आहे. हळद, चुना, तंबाखू, मिरची, तेल यांतलं काहीही लावू नये. जखम आवळून बांधू नये.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. सातपाटीहून शिरगावमार्गे पालघरचं ग्रामीण रुग्णालय फार लांब नाही. रात्र झाली म्हणून सकाळवर टाकू नये. रक्त आलेल्या जखमेला, विशेषतः चेहरा, मान आणि बोटांच्या जखमेला, लशीबरोबरच जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागतं. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला काही दिवस जातात. तोवरची राखण ही प्रतिपिंडं करतात. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. लहान मुलाच्या चेहऱ्यापासून मेंदू अगदी जवळ, म्हणून मुलांच्या बाबतीत घाई जास्त. हे इंजेक्शन मिळालं का, हे पालकांनी न संकोचता विचारावं.

पोटात चौदा इंजेक्शनं ही जुन्या पिढीची भीती अजून घराघरात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात सहसा कातडीत थोडी थोडी लस देतात: पहिला डोस लगेच, मग पहिल्या डोसपासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. वरच्याच पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकांनी लस मुळीच घेतली नव्हती, आणि घेतलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी सगळे डोस पुरे केले नव्हते. जखम भरली, सुट्टी संपली, बोईसरच्या कारखान्यातली पाळी चुकवता येईना, अशा कारणांनी शेवटचा डोस राहतो. तो राहू देऊ नये.

रेबीजच्या लशीची कहाणीच एका मुलापासून सुरू होते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आणलं गेलं. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तेरा इंजेक्शनांनंतर तो जगला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावरच येतो असं नाही. काही कुत्री मलूल होतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. दयाळू मुलं अशाच कुत्र्याला पाणी पाजायला जातात. ‘लाळ गळणाऱ्या कुत्र्याला पाणी आपण नाही द्यायचं, मोठ्यांना सांगायचं,’ हे मुलांना आधीच शिकवलेलं असावं.

सगळ्यात महत्त्वाचं: मार बसेल या भीतीनं मुलं ओरखडा लपवतात. पिल्लाचा दात लागला, खरचटलेल्या गुडघ्यावर कुत्र्यानं चाटलं, हेही डॉक्टरला दाखवण्यासारखंच आहे. ‘कुत्र्याचं काहीही झालं तर लगेच सांग, मी रागावणार नाही,’ हे वचन मुलाला द्यावं आणि पाळावं.

गावानं करायचं काम

एका घरानं फाटक बसवून आळी सुरक्षित होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. कुत्र्यांना खायला घालायच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून आणि जिन्या-दारांपासून दूर ठरवाव्यात असंही त्यांत म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची, नसबंदी व लसीकरणानंतर, होती तिथंच परत सोडायला सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांची आवारं मात्र वेगळी काढली. तिथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायची आहेत.

कुत्री मारून किंवा टेम्पोत भरून दुसरीकडे सोडून प्रश्न सुटत नाही. मासळीची घाण उघड्यावर पडत राहिली तर रिकाम्या जागी नवी कुत्री येतात, आणि ती ना लस टोचलेली असतात ना गावच्या मुलांच्या ओळखीची. लस टोचलेली, नसबंदी झालेली, आळीला सरावलेली जुनी कुत्री त्यापेक्षा कितीतरी बरी. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली तर कुत्र्यांमधली रेबीजची साखळी तुटते.

हे जमतं, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. तिथं ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं कुत्र्यांना हातजाळ्यांनी पकडून लस टोचली, संशयित कुत्र्यांची खबर देण्यासाठी हेल्पलाइन चालवली आणि शाळाशाळांत जाऊन मुलांना कुत्र्यांशी कसं वागायचं ते शिकवलं. कुत्र्यांमधल्या रेबीजचं प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं. २०१८ पासून सलग तीन वर्षं एकही माणूस रेबीजनं दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. हा किनारा आपल्यासारखाच आहे: मासळी, वाळू, कुत्री आणि पोरं सगळी एकत्र.

सातपाटीसारख्या गावात मच्छीमार सहकारी संस्था मजबूत आहेत, ग्रामपंचायत आहे, अंगणवाडी आणि शाळा आहेत. बंदरावरची घाण रोजच्या रोज झाकून उचलणं संस्थांना जमण्यासारखं आहे. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत दर्यावर जाणारे पुरुष गावात असतात. लसीकरणाची मोहीम तेव्हाच घ्यावी, कारण जाळं टाकण्यात आणि जनावर न दुखवता सोडवण्यात या गावाचा हात कोण धरणार? शाळेत दरवर्षी २८ सप्टेंबरला सुरूच्या झाडाचा खेळ घ्यावा. अंगणवाडीताईंनी बाळंतिणीच्या भेटीत झोळीचा आणि कुत्र्याचा विषय काढावा.

आणि घरी प्रत्येकानं आजच एक गोष्ट करावी. कुत्रा जिथं बसतो तिथं जाऊन खाली बसावं आणि मुलाच्या उंचीवरून बघावं: मूल समोरून आलं तर याला उठून जायला जागा आहे का? पिंप अडवत असेल तर ते सरकवावं, जाळं अडवत असेल तर ते उचलावं. मुलाला शहाणं व्हायला चार-पाच वर्षं लागतील. पिंप सरकवायला पाच मिनिटं पुरतात, आणि ते काम मोठ्यांचं आहे.